इंग्रजी उतारा पूर्ण समजतो, तरी उत्तरं का चुकतात?

तुम्ही लिहिलंय की बँकेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. मोबाइल, ऑनलाइन खरेदी, घरून काम असल्या विषयांवरच्या उताऱ्यांत एकही शब्द अडत नाही, तरी पाचातली दोन-तीन उत्तरं चुकतात. मी पदवीच्या मुलांना हाच भाग शिकवतो. माझं मत विचाराल तर विषय ओळखीचा असतो म्हणूनच ती चुकतात. प्रवाळ बेटांवरचा उतारा आला की आपण बिचकून ओळ न् ओळ वाचतो. मोबाइलवरचा आला की निम्मा मनानेच भरून काढतो.

समजा उताऱ्यात एवढंच आहे: घरून काम सुरू झाल्यावर प्रवासाचा वेळ वाचला, पण काही कर्मचाऱ्यांचे कामाचे तास वाढले. प्रश्न येतो, लेखकाच्या मते घरून काम तब्येतीला घातक आहे का? आपली पाठ दुखलेली असते, शेजाऱ्याला चष्मा लागलेला असतो, आपण 'हो' ठोकून मोकळे. उताऱ्यात तब्येतीचा 'त'सुद्धा नाही. शिवाय 'काही'चं 'बहुतेक' करणारा पर्याय शेजारीच बसवलेला असतो.

त्यावर आयेल्ट्सची (परदेशी शिकायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) एक पद्धत उसनी घ्या. तिथे विधान बरोबर, चूक की 'माहिती दिलेली नाही' ते ठरवायचं असतं. तुमच्या परीक्षेत हा प्रकार येवो न येवो, सरावात प्रत्येक पर्यायापुढे या तीनपैकी एक खूण करा. बरोबर किंवा चूक म्हणालात तर उताऱ्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. नाही आलं तर तिसरी खूण. काम कंटाळवाणं आहे, पण आपण कुठे मनचं घालतो ते यातूनच दिसतं.

उतारे कुठले घ्यायचे? ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश या संकेतस्थळावर पातळीनुसार फुकट मिळतात, प्रश्नांसकट. पण खरी परीक्षा पाहायची तर रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक वाचा: खात्यातून परस्पर पैसे गेले तर ग्राहकावर किती जबाबदारी. 'तीन दिवसांत कळवलं की सगळे पैसे परत' हे त्यावरचं विधान बरोबर का? बहुतेक मुलं 'बरोबर' म्हणतात. मुळात त्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तेव्हाच ही सवलत, आणि दिवस म्हणजे कामकाजाचे. पासवर्ड स्वतःच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. एकेका अटीने अर्थ फिरतो, आणि प्रश्न काढणारा नेमका तिथेच टपलेला असतो. (बँकेत लागायचंय म्हटल्यावर हे वाचन तसंही वाया जाणार नाही.)

शब्दांच्या याद्या पाठ करणं तूर्त सोडा, तुमची अडचण ती नाही. पहिले काही आठवडे घड्याळही नको. मग मात्र लावाच, कारण आयबीपीएसच्या (बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) पूर्व परीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटं असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. वेळ कमी पडला तर शब्दार्थाचे प्रश्न आधी उरका, ते आजूबाजूच्या दोन वाक्यांवरून सुटतात. शीर्षक निवडणं आणि लेखकाचा सूर ओळखणं शेवटी.