कॅमेलियाची पानं पिवळी पडतायत? माती सोडा, आधी पाणी बघा

दादा, कळंब्यात नव्या घराच्या पुढं शरदात फुलणाऱ्या कॅमेलियाची चार झाडं लावलीत, तांबडी माती आणून घातली तरी नवी पानं पिवळी पडतायत आणि कळ्या गळतायत असं तुम्ही लिहिलंय. हे वाचून मला माझं २०१८ आठवलं, महापुराच्या आदलं वर्ष. माझी ससांक्वाची (हीच शरदात फुलणारी कॅमेलिया) पाच रोपं होती, कालिम्पोंगकडून मागवलेली, आणि पन्हाळ्याकडची जांभ्याची तांबडी माती ट्रॉलीनं आणली होती. घरचे म्हणाले एवढ्यात म्हैस आली असती.

उंचवट्यावर लावणं, बुंधा मातीत न पुरणं, वर पालापाचोळा हे तुम्हाला माहीत असेलच, सोडून देते.

मी चुकले ते पाण्यात. रोज सकाळी बोअरचं पाणी पाइपनं सोडायचे. आमच्या बोअरला इतके क्षार की किटलीत पांढरा थर बसतो, ते दिसत होतं तरी डोक्यात शिरलं नाही. उन्हाळ्यात पानं पिवळी पडली म्हणून मातीचा नमुना घेऊन एका तपासणी केंद्रात गेले (नाव घेत नाही, उगाच वाद नको), फॉर्मवर स्पष्ट लिहिलं की शोभेची झुडपं आहेत, तीन हेलपाटे मारल्यावर रिपोर्ट मिळाला, सामू (म्हणजे पीएच) ७.८, किंचित अल्कधर्मी, आणि खाली शिफारस काय तर उसाची! एकरी अमुक पोती युरिया, तमुक पोती सुपर फॉस्फेट. अहो माझी पाच झाडं! टेबलावरच्या साहेबांना विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "पिवळं म्हणजे नत्र कमी, युरिया टाका." टाकला मी. पंधरा दिवसात पानांच्या कडा करपल्या आणि जूनपर्यंत दोन झाडं गेली.

नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. माझी शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या होत्या, म्हणजे लोह. मातीत लोह असतं हो, पण पीएच चढला की झाडाला उचलता येत नाही. तांबडी माती मुळात आम्लधर्मी, पण रोज क्षाराचं पाणी पाजून मीच ती बिघडवली. चहाचं झाडसुद्धा कॅमेलियाच, आता चहाच्या मळ्याला कोण असलं पाणी देईल?

कळलं कसं, तर २०१९ च्या पावसात. सांगायला लाज वाटते, ऑगस्टात अर्धं कोल्हापूर पाण्याखाली, लोकांचे संसार वाहून गेलेले, आणि माझ्या उरलेल्या तीन झाडांना मात्र हिरवीगार पालवी! दीड-दोन महिने बोअर चालूच केला नव्हता.

तेव्हापासून गच्चीच्या पाइपाखाली दोनशे लिटरचे दोन ड्रम आहेत, ते संपले की नळाचं पाणी, बोअर बंद म्हणजे बंद. ड्रमला जाळी बांधा नाहीतर डेंग्यूचे डास. लगेच हिरवं दिसायला हवं असेल तर चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल असं बांधून ठेवलेलं लोह) घ्या, पण डब्यावर ईडीडीएचए हा प्रकार बघून घ्या, दुकानदार ईडीटीएवालं हातात ठेवतो, ते चढ्या पीएचला टिकत नाही. गंधकही चालतं पण सावकाश, महिने लागतात.

कळ्या गळायचं कारण बहुतेक ऑक्टोबर हीट. गणपतीत कळ्या धरलेल्या असतात, मग पाऊस थांबतो आणि एकदा कोरडं एकदा चिखल असं झालं की टपाटप गळतात. ओल एकसारखी ठेवा. छाटणी फुलं संपल्यावर लगेच, पावसाळ्यात कात्री लावलीत तर पुढच्या कळ्याच कापाल.

बाकी कॅमेलियाची हेज, म्हणजे कुंपणासारखी सलग रांग, करावी का असं माझं मत विचाराल तर नका करू. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात अख्खी रांग जगवायची म्हणजे नोकरीच. हेजला कामिनी लावा. कॅमेलियाला पूर्वेची भिंत द्या, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली, दोन-तीन झाडं एकत्र, उन्हाळ्यात हिरवी नेट. ससांक्वाच्या पाकळ्या एकेक करून गळतात, खाली गुलाबी सडा पडतो, छान दिसतं, फक्त शहाबादी फरशीवर पडल्या तर सकाळी झाडून घ्या, आमच्या सासूबाई घसरता घसरता वाचल्या.

मी काही कृषी पदवीधर नाही, तीन झाडांवरचा अनुभव आहे, तुमच्याकडं वेगळंही असू शकेल. बोअर आहे का ते सांगा आणि शेंड्याच्या पानाचा जवळून फोटो टाका, शिरा दिसतील असा. तोवर युरियाच्या पोत्याला हात लावू नका.