लसूण-मीठ फोडणीत नको

प्रश्न : मुलीने अमेरिकेहून गार्लिक सॉल्टची बाटली आणली. फोडणीत घातलं की कडू लागतं, वर भाजी खारट होते. म्हणून ताजा लसूण नि मीठ मिक्सरला फिरवून घरीच केलं, तर त्याला दोन दिवसांत पाणी सुटलं. सासऱ्यांना बीपी आहे. त्यांना हे मीठ चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, ती बाटली फोडणीपासून लांब ठेवा. ताज्या लसणात निम्म्याहून जास्त पाणी असतं, म्हणून तो तेलात सावकाश लाल होतो. पूड कोरडी ठणठणीत. कडकडीत तेलात पडली की बघता बघता करपते, आणि करपलेला लसूण कडूच लागणार. गॅस बंद केल्यावर वरून भुरभुरा. काचऱ्यांवर, उकडलेल्या अंड्यावर, तूप लावलेल्या गरम भाकरीवर तर फारच छान लागतं. या मिठात साधारण तीन भाग मीठ नि एक भाग लसूण असतो. म्हणजे चमचाभर घातलंत तर पाऊण चमचा मीठच पडलं. तेवढं नेहमीचं मीठ कमी करा.

घरी करायचं तर लसूण आधी सुकवायलाच हवा. ओला वाटलात की मीठ त्याचं पाणी ओढून घेणारच. सोललेल्या पाकळ्यांच्या पातळ चकत्या करा आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात मलमलीखाली वाळवा. तुमच्याकडच्या पावसात हा खटाटोप नको. तेव्हा ओव्हन 60 अंशांच्या आसपास ठेवून वाळवा. त्याहून फार तापवलात तर लसणाचा वास घडवणारं विकर (एन्झाइम) मरतं. चकती बोटांत धरून मोडून बघा. कट्‌कन तुटली पाहिजे; वाकली तर आत ओल आहे, आणखी वाळू द्या. 100 ग्रॅम लसणाचा सुकून 35-40 ग्रॅम होतो. त्यात 110 ग्रॅमच्या आसपास भाजून गार केलेलं मीठ घालून बारीक करा. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि ओला चमचा अजिबात घालू नका, लगेच सादळतं. गावठी लसूण सोलताना जीव जातो खरा, पण वास त्याचाच.

ताज्या लसणाचंच हवं असेल तर थोडंसंच वाटा आणि लगेच संपवा. उत्तराखंडातल्या कुमाऊँ-गढवालात हिरवा लसूण, मिरची नि मीठ सिलबट्ट्यावर, म्हणजे पाट्यावर, वाटून काकडीबरोबर खातात. पावसाळी काकडीबरोबर तुम्हीही करून बघा.

सासऱ्यांना मात्र हे मोकळ्या हाताने देऊ नका. लसूण घातला म्हणून मिठातलं सोडियम कुठे जात नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि त्यांच्या डॉक्टरांनी आणखी कमी सांगितलं असेल तर तेच पाळायचं. त्यांच्यासाठी थोड्या चकत्या मीठ न घालता वेगळ्या दळा. त्यातली चिमूटभर पूड ताकात घालून पाच मिनिटं ठेवा, मग प्यायला द्या. ओल मिळाली की सुकलेल्या लसणाचा वास पुन्हा उठतो, मिठाची उणीव फारशी जाणवत नाही.