आधी तो ग्लोव्ह डिकीतून बाहेर काढा

एडिसन, न्यू जर्सीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावीत, शाळेच्या टीममध्ये आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात फील्डिंग करणारा. त्याला बेसबॉल खेळायचाय, घरच्यांना डॉक्टर हवाय. ‘त्या जुन्या बेसबॉलपटू मूनलाइट ग्रॅहमसारखं व्हायचं, एक मॅच आणि खेळ खलास,’ ही धास्ती. म्हणून ग्लोव्ह सध्या गाडीच्या डिकीत, कुलपात.

तुमच्या मुलाच्या मार्कांची मला काळजी वाटत नाही. ते उत्तम आहेत. मला खटकला तो ग्लोव्ह. जानेवारीच्या थंडीत डिकीत पडलेलं चामडं वाळून कडक होतं, आणि सतरा वर्षांचं पोरही. तीन पानी पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ सहा वेळा आलंय, मुलाचं स्वतःचं वाक्य एकही नाही. ही शिस्त नव्हे, दमदाटी आहे.

आता ग्रॅहम. उदाहरण तुम्हीच दिलंत, पण गोष्ट अर्धीच वाचलीत. २९ जून १९०५ रोजी न्यू यॉर्क जायंट्सने ब्रुकलिनविरुद्धची मॅच संपत आली असताना त्याला राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या मागच्या बाजूला उभं केलं. बॅटिंगला पुढचा नंबर त्याचाच होता, तेवढ्यात आधीचा गडी बाद झाला आणि डाव संपला. मोठ्या लीगमध्ये त्याला पुन्हा कधीच खेळायला मिळालं नाही. इथवर तुमचं बरोबर. पण हा गडी व्यावसायिक बेसबॉल खेळता खेळताच डॉक्टरकी शिकत होता! पुढे मिनेसोटातल्या चिझम या लोखंडाच्या खाणींच्या गावात त्याने कित्येक दशकं शाळेतल्या पोरांना तपासलं. मुलांच्या रक्तदाबावरचा त्याचा अभ्यास १९४५ मध्ये छापून आला. खेळाने डॉक्टरकी बुडते, असं तुम्ही ज्याच्या नावावर सांगताय, तो स्वतःच डॉक्टर होता.

अर्थात काळ बदललाय, आज दोन्ही सांभाळणं फार जड आहे. २०२३ च्या करारात सिंगल-ए या खालच्या व्यावसायिक लीगमधल्या खेळाडूचा किमान पगार वर्षाला २६,२०० डॉलर ठरला. न्यू जर्सीत त्यात भाडं भागवून दाखवा. म्हणून कॉलेज हवंच, प्री-मेड (मेडिकलच्या आधीचा अभ्यासक्रम) आणि कॉलेजच्या टीमसह. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेल्याला साधारणपणे तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेत नाहीत. म्हणजे ज्या निर्णयावरून घरात अबोला आहे, तो या वर्षी घ्यायचाच नाहीये.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.