सापा ट्रेकचा शेवटचा दिवस गाळावा का?

तुम्ही विचारलंय की व्हिएतनाममधल्या सापाच्या दोन दिवस-एक रात्र ट्रेकमधला दुसरा दिवस सोडून आईंना घेऊन फान्सीपान शिखराच्या रोपवेने जावं का, कारण त्या दिवसापुढे पत्रकात नुसतं 'चार तास चाल, जेवण, गाडीने सापा' एवढंच लिहिलंय. शिवाय वाटेत वस्तू विकायला गळ्यात पडणाऱ्या बायकांचं काय करायचं, हेही.

गाळू नका. रोपवे २०१६ पासून सुरू आहे, तो कुठे पळून जात नाही. आणि ढग उतरलेले असले तर तीन हजार मीटरच्याही वर जाऊन पैसे मोजून धुकंच बघायचं. सापाला एक रात्र जास्त ठेवा, सकाळी उठून आकाश बघा आणि मग ठरवा.

पहिल्या दिवशी लाओ चाय या गावाहून ता व्हानपर्यंत गर्दी बरीच असते. ता व्हान हे झाय लोकांचं गाव, पण आता होमस्टे आणि कॅफेच जास्त दिसतात. दुसऱ्या दिवशी झांग ता चायकडे वळलात की वाट बांबूच्या बनातून जाते आणि माणसं विरळ होतात. हे लाल झाओ जमातीचं गाव, बायकांच्या डोक्यावरच्या लाल फडक्यांवरून लगेच कळतं. भाताची खाचरं इथे वर्षातून एकदाच पिकतात. मे-जूनमध्ये गेलात तर पाण्याने भरलेली खाचरं आणि लावणी दिसेल, सप्टेंबरात पिवळंधमक शेत. त्यानंतर गेलात तर नुसती धसकटं, फोटोंच्या अपेक्षेने जाऊ नका.

आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे. चढापेक्षा बांबूच्या बनातला उतार त्रास देतो, पाऊस पडून गेला असेल तर तिथे चिखलाची घसरगुंडी होते. सापात गमबूट भाड्याने मिळतात, ते घ्या. आपले ट्रेकिंगचे बूट तिथे निरुपयोगी. दमल्या तर रस्ता जिथे जवळ येतो तिथून गाइड मोटारसायकलवाला बोलावून देते. 'से ओम' म्हणा, सगळ्यांना कळतं. यात संकोच कसला?

आता त्या बायका. सकाळी निघालात की पाठीवर टोपली घेतलेल्या दोन-तीन ह्मोंग जमातीच्या बायका आपणहून बरोबर चालू लागतात. काही मागत नाहीत. कुठून आलात, मुलं किती, नवरा काय करतो, सगळं मोडक्या पण झकास इंग्रजीत विचारतात. उतारावर आईंचा हात धरतात, आणि खरं सांगायचं तर तो हात फार उपयोगी पडतो. जेवणाच्या ठिकाणी पोहोचलात की टोपल्या उघडतात आणि 'आता माझ्याकडून घ्या' सुरू होतं. ट्रिप रिव्ह्यूंमध्ये लोक याला फसवणूक म्हणतात. मला ते पटत नाही. चार तास हात धरून चालवलं त्याची ती मजुरी आहे, फक्त आधी ठरलेली नसते. तेव्हा तुम्हीच आधी ठरवा. घ्यायचं नसेल तर पहिल्या पंधरा मिनिटांतच हसून स्पष्ट सांगा, त्या दुसरा गट शोधतील. हात धरू दिलात तर शेवटी काहीतरी घ्या. वस्तू नको असेल तर थोडे पैसे हातावर ठेवले तरी चालतं. घासाघीस जरूर करा, पण शेवटच्या दहा हजार डोंगसाठी अडून बसू नका.

स्वस्त पर्स आणि बांगड्या बहुतेक कारखान्यातल्या असतात. हाताने विणलेलं, निळीत रंगवलेलं कापड महाग असतं आणि रंग सोडतं. विकणारीचे हात निळसर दिसले तर ती स्वतः रंगवते असं समजायला हरकत नाही. घरी पहिल्यांदा वेगळं धुवा, नाहीतर सगळ्या पांढऱ्या कपड्यांची वाट लागेल. लहान मुलांकडून मात्र काहीही घेऊ नका, कितीही गोड बोलली तरी. विक्री होते म्हणून त्यांची शाळा बुडते.

गाइडची टिप वेगळी, आणि ती सगळ्यांसमोर नको, निरोप घेताना हातात द्या. बंधन नाही, पण दिवसाला लाख-दीड लाख डोंग बरं दिसतं. लाख म्हणजे आपले सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. २० हजार आणि ५ लाख दोन्ही नोटा निळ्या, म्हणून टिपचे पैसे आदल्या रात्रीच उजेडात मोजून वेगळे ठेवा. गावात एटीएम शोधत बसू नका, सापातूनच काढून न्या.

शाकाहारी असाल तर 'आन चाय' एवढं म्हणायला शिका आणि 'नुओक माम नको' हेही, कारण भाजीतही माशाचं पाणी पडतं. टोफू, चायोटे या वेलभाजीचे कोंब आणि भात मिळतो. मेतकुटाची पुडी जवळ असली की आईंचं जेवण निभावतं.

परतल्यावर लगेच बस पकडू नका. मधे दोन-तीन तास ठेवून लाल झाओंच्या औषधी पाल्याच्या काढ्याने भरलेल्या लाकडी पिंपात बसा, पायांना फार बरं वाटतं. मग रात्रीची स्लीपर बस, हनोईला पाच-सहा तास. बसमध्ये पाय दुमडून झोपावं लागतं, आईंना ते जमणार नसेल तर लाओ काय शहरातून (वरचं लाओ चाय गाव नव्हे) रात्रीची रेल्वे घ्या. सापाहून तिथवर घाटातून तासभर लागतो. दुसऱ्या दिवशी विमान असेल तर बस नोई बाय विमानतळावर थांबते का ते तिकीट काढतानाच विचारा. विमानतळ हनोईच्या अलीकडे लागतो, उगाच शहरात जाऊन परत यायला नको.