दोन पियानोंच्या कार्यक्रमाची सुरुवात मोत्झार्टने करावी का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही आणि तुमची मैत्रीण, दोघीही सहाव्या ग्रेडपर्यंत शिकलेल्या, संभाजीनगरात दोन पियानोंचा तासाभराचा कार्यक्रम करणार आहात. सगळं १८०० च्या आधीचंच वाजवायचंय. मग सुरुवात मोत्झार्टच्या डी मेजर सोनाटाने केली तर कसं?

सोनाटा ठेवा, पण सुरुवातीला नको. आणि पहिल्याच कार्यक्रमात त्याचे तिन्ही भाग तर मुळीच नकोत.

मी जालन्यात पियानो शिकवतो. काही वर्षांपूर्वी बहिणीला सोबत घेऊन असाच कार्यक्रम केला आणि नेमकी हीच चूक केली. मोत्झार्टने हा सोनाटा १७८१ मध्ये व्हिएन्नात लिहिला, आपल्या शिष्येबरोबर, योझेफा आउअर्नहामरबरोबर, वाजवायला. दोघंही तयारीचे. पहिल्याच बारला (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) दोन्ही पियानो एकसुरात, जोरात, तेच स्वर वाजवतात. व्हायोलिनवाल्यांना सूर जरा सांभाळून घेता येतो. पियानोवर ठोका पडला की पडला. आमचा पहिला डी दोनदा ऐकू आला, दार ठोठावल्यासारखा. मागून एक काका म्हणाले, "टेस्टिंग चालू आहे वाटतं." पुढची पाच मिनिटं मी काय वाजवलं ते मला आजही आठवत नाही.

तेव्हापासून तुकडा निवडताना मी एकच बघतो. दोघांनी एकदम, उघड्यावर ठोका मारायच्या जागा किती, आणि एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं अशा जागा किती. दुसऱ्या प्रकारचं जास्त असेल तर ते आधी घ्यायचं. आपल्याकडच्या श्रोत्यालाही ते पटकन कळतं. सवाल-जवाब त्याच्या कानात आहेतच. फक्त दुसरा पियानो झीलकरी होऊन बसायला नको, त्यालाही स्वतःचं काही म्हणायचं असलं पाहिजे.

या मापाने पहिला नंबर योहान क्रिस्तियान बाखच्या जी मेजर सोनाटाचा, ओपस १५ मधला ५ वा. हा मोठ्या बाखचा, म्हणजे योहान सेबास्टियानचा, धाकटा मुलगा, लंडनला स्थायिक झालेला. लहानपणी मोत्झार्ट त्याला तिथेच भेटला होता. दोनच भाग: एक अलेग्रो आणि एक मिन्युएटच्या चालीतला. एक पियानो ओळ म्हणतो, दुसरा तीच उचलतो. हात फार पळवावे लागत नाहीत, त्यामुळे कान मोकळे राहतात, आणि सुरुवातीला तेच हवं असतं. नंबर मात्र नीट बघून घ्या. त्याच संचातला ६ वा एकाच पियानोवर चार हातांनी वाजवायचा आहे. "पियानो ड्युएट" म्हणून शोधलंत तर बहुतेक चार हातांचंच हाती लागतं. माझ्या एका विद्यार्थ्याने तसला आख्खा गठ्ठा छापून आणला होता. या सगळ्या जुन्या कृतींचे कागद आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतात. दोन्ही पियानोंच्या ओळी एकाखाली एक असलेली प्रत घ्या, दोघींना एकेक. समोरची काय वाजवतेय ते दिसत नसेल तर नुसत्या मात्रा मोजण्यात जीव जातो.

त्यानंतर फ्राँस्वा कुपराँची दोन हार्प्सिकॉर्डसाठीची (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं कळांचं वाद्य) अलमांड, म्हणजे एका जुन्या नाचाच्या चालीवरची रचना. त्याच्या १७१७ च्या दुसऱ्या पुस्तकात, नवव्या संचात आहे. वेग बेताचा, पण दागिने, म्हणजे स्वर नटवायच्या छोट्या हरकती, बक्कळ. इथे भांडणं होतात. एकीचा ट्रिल (दोन शेजारचे स्वर भराभर आलटून-पालटून वाजवणं) वरच्या स्वरापासून आणि दुसरीचा मुख्य स्वरापासून सुरू झाला तर ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी चुकतंय. कुपराँने १७१३ च्या पहिल्या पुस्तकात दागिन्यांचा तक्ता दिलाय; तो काढून दोघींनी पेन्सिलीने आधीच ठरवून टाका. आम्ही ट्रिलचे ठोकेसुद्धा मोजून लिहिले होते. हास्यास्पद वाटतं, पण उपयोग होतो.

मधे गंमत म्हणून जाइल्स फार्नबीचा दोन व्हर्जिनलसाठीचा (हार्प्सिकॉर्डचाच छोटा प्रकार) तुकडा घ्या. अवघ्या ८ बारचा! एक साधी ओळ, आणि दुसऱ्या वाद्यावर तीच नटवलेली. फिट्झविल्यम व्हर्जिनल बुक या जुन्या इंग्रजी संग्रहात आहे. आधी साधी ओळ एकटी वाजवून दाखवा, मग दोन्ही एकत्र. आमच्याकडे टाळ्या सगळ्यात जास्त यालाच पडल्या.

जड तुकडा एकच ठेवा. मोठ्या बाखचाच दुसरा मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान, त्याचं एफ मेजरमधलं काम सुंदर आहे (वडिलांच्या हातची प्रत सापडल्यामुळे ते मध्यंतरी वडिलांच्याच नावावर छापलं गेलं), पण बोटांना अवघड. मी तुमच्या जागी थोरल्या बाखचा, म्हणजे वडिलांचा, सी मेजर कॉन्चेर्टो घेईन, बाखच्या कृतींच्या यादीतला (बीडब्ल्यूव्ही) क्रमांक १०६१. ऑर्केस्ट्रा त्यात नावालाच आहे, तो नंतर जोडला असं मानतात. नुसत्या दोन पियानोंवर काही उणं वाटत नाही. मधल्या भागात तर ऑर्केस्ट्रा गप्पच असतो. शेवटी मोत्झार्टच्या सोनाटातला फक्त मधला संथ भाग, अँडांते, वाजवा.

पहिला पियानो "हुशार" मुलीला द्यायचा हा समज सोडा. दोघींनी दोन्ही बाजू बसवा आणि तुकड्यागणिक जागा बदला.

आता वाद्यांचं. हे संगीत साधारण पाच सप्तकांत मावतं, म्हणून ६१ कळांचा कीबोर्ड पुरेल असं वाटेल. पुरत नाही. बाजारातला ६१ कळांचा कीबोर्ड सीपासून सुरू होतो, मोत्झार्टचा पियानो त्याच्याही खालच्या एफपासून. ७६ कळांचा चालतो. एक खरा पियानो आणि एक डिजिटल असेल तर सूर आधी जुळवा. आपल्याकडच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी की लाकूड आकसतं आणि पियानोचा सूर उतरतो, पावसाळ्यात चढतो. सभागृहातला जुना अपराइट (उभा पियानो) आम्हाला ४४० ऐवजी ४३५ वर (मधल्या ए स्वराची कंपनं, हर्ट्झमध्ये) सापडला. ऐनवेळी तारा ओढायला पुण्याहून माणूस कुठून आणणार? मग जालन्याहून छोट्या हत्तीत घालून नेलेला डिजिटलच सेटिंगमध्ये जाऊन ४३५ वर उतरवला. दोन मिनिटांचं काम.

आणि लाईट. बाखच्या त्याच कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागात, फ्यूगमध्ये (एकच धून एकामागून एक उचलायचा प्रकार), पहिला पियानो बराच वेळ एकटाच असतो. मी अपराइटवर होतो, बहीण डिजिटलवर वाट बघत. तेवढ्यात एक फेज गेला. दिवे चालू, पंखे चालू, फक्त स्टेजवरचा प्लग बंद. तिची जागा आली, तिने कळा दाबल्या, आणि मला नुसता प्लास्टिकचा टक-टक आवाज ऐकू आला. मी तसाच पुढे वाजवत राहिलो. कार्यक्रमानंतर दोघा-तिघांनी येऊन सांगितलं, शेवटचा सोलो फार छान झाला म्हणून. तेव्हा डिजिटल पियानो थेट भिंतीतल्या प्लगवर लावू नका, इन्व्हर्टरवर घ्या, आणि तो चार्ज आहे ना ते सकाळीच बघून ठेवा.