इटलीच्या लेबलवर ‘तोवाल्या’ चालेल का?

प्रश्न (सोलापूर): आमचे टेरी टॉवेल स्पेनला जातात, लेबलवर ‘तोआया’ असतं. आता इटली, पोर्तुगाल आणि फ्रान्सची ऑर्डर आहे. इटालियन ‘तोवाल्या’ त्याच्यासारखाच दिसतो. तोच छापू का?

उत्तर: नको. इटलीत तोवाल्या म्हणजे जेवणाच्या टेबलावर अंथरायचं कापड. टॉवेलला तिथे ‘आशुगामानो’ म्हणतात, शब्दशः हात कोरडे करणारा. आंघोळीचा मोठा असेल तर ‘तेलो बान्यो’.

तरी ‘तोआया’ आणि ‘तोवाल्या’ एकाच घरचे. मूळ जर्मानिक, ‘धुणे’ या अर्थाच्या धातूचं. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला आणि टॉवेल झाला. पोर्तुगीज ‘तुआल्या’ने मात्र दोन्ही अर्थ ठेवले, अंग पुसायचा आणि टेबलावरचा. म्हणून तिथे नुसतं तुआल्या छापू नका, ‘तुआल्या द बान्यु’ असं पूर्ण लिहा. हिंदीतला तौलिया याच पोर्तुगीज शब्दाचा, आपला टॉवेल इंग्रजांकडचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हिंदी भाषक व्यापारी तौलिया मागतो आणि आपण टॉवेल देतो, तेव्हा दोन चुलतभाऊच भेटतात म्हणा!

फ्रान्सची गोष्ट वेगळी. तिथे ‘सेर्व्हिएत’ चालतो, ‘सेवा करणे, वाढणे’ या क्रियापदावरून आलेला. पण टॉवेल, जेवणाचा नॅपकिन आणि कागदपत्रांची बॅग या तिन्हींना तोच शब्द. तेव्हा ५० × १०० सेंमीच्या नगावर ‘सेर्व्हिएत द त्वालेत’ आणि १०० × १५० वर ‘द्रा द बँ’ लिहा. हेच लेबल पुढे जर्मनीच्या मालाला लावलंत तर फसाल, कारण जर्मनांनी हा शब्द फक्त नॅपकिनपुरता उचलला. त्यांच्याकडे ५० × १०० म्हणजे ‘हांटटूख’, ७० × १४० ‘डूशटूख’, १०० × १५० ‘बाडेटूख’.

प्रश्न (तेच वाचक): सगळीकडे इंग्रजीच छापलं तर?

उत्तर: नावापुरतं ग्राहक चालवून घेईल, धाग्याच्या माहितीला नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या १००७ क्रमांकाच्या नियमानुसार, माल जिथे विकायचा त्या देशाच्या अधिकृत भाषेत धाग्याचं प्रमाण लागतं. त्या देशाने सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. एकाच लेबलवर चार-पाच भाषा दिल्या तरी चालतं. कापसाला जर्मनीत ‘बाउमवोले’, म्हणजे झाडाची लोकर. स्पेनमध्ये ‘आल्गोदोन’, मूळ अरबी. स्पॅनिश शब्दातल्या शेवटच्या ‘ओ’वर तिरपी रेघ असते आणि कापसासाठीच्याच पोर्तुगीज शब्दातल्या ‘आ’वर नागमोडी. फॉन्ट साधा असला की दोन्ही गळतात किंवा तिथे चौकोन उमटतो. म्हणून स्क्रीनवर बघून भागत नाही. छापलेला एक नग हातात घेऊन, खरेदीदाराने पाठवलेल्या मजकुराशी अक्षरन् अक्षर ताडा, मगच रोल चालू करा.