वाचकांचे प्रश्न : हाडांचं संशोधन आणि फ्रॉस्ट यांच्या नावाचा पुरस्कार

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत हाडांवर पीएचडी करतेय. तिला हॅरॉल्ड फ्रॉस्ट यंग इन्व्हेस्टिगेटर अवॉर्ड मिळालाय. घरात सगळे खूश आहेत, पण तिचे वडील म्हणतात, कॉन्फरन्सला जायची सोय झाली एवढंच, त्यात काय मोठंसं. हे फ्रॉस्ट कोण? आणि हाडांमध्ये आता शोधायचं तरी काय राहिलंय?
– एक मावशी, सांगली

उत्तर : मावशी, आधी भाचीचं मनापासून अभिनंदन. आणि तिच्या बाबांना माझ्याकडून सांगा की ही मोठी गोष्ट आहे, का ते सांगते.

अमेरिकेत हाडांवर काम करणाऱ्यांची एक मोठी संस्था आहे, अमेरिकन सोसायटी फॉर बोन अँड मिनरल रिसर्च, १९७७ पासूनची. तिच्यातर्फे हा पुरस्कार नव्या संशोधकांना देतात आणि तो जोडलाय सन व्हॅलीच्या वर्कशॉपशी, म्हणजे पुरस्कार मिळालेल्यांना तिथे जायला मिळतं. सन व्हॅली म्हणजे आयडाहो राज्यातलं डोंगरातलं गाव, तिथे युटा विद्यापीठाच्या वेबस्टर जी यांनी १९६५ मध्ये हाडांच्या अभ्यासकांचा मेळावा सुरू केला. माणसं मोजकी, त्यामुळे ज्यांचे रिसर्च पेपर आपण पीएचडीभर वाचत आलो त्यांच्याच शेजारी बसून जेवायचं, त्यांना आपला डेटा दाखवायचा, ते चुका काढणार आणि आपण ऐकायचं. हजारो लोकांच्या कॉन्फरन्समध्ये पोस्टरपाशी उभं राहून हे कुठलं मिळायला! पीएचडी संपता संपता पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) कुठे, ग्रँट म्हणजे संशोधनाला पैसा कसा, याच्या काळजीने पोरं रिसर्चच सोडून देतात, त्या वयात कुणी जाणत्या माणसाने "तुझं काम चांगलं चाललंय, ये, बस" म्हणणं याची किंमत पैशात कशी करणार.

आता फ्रॉस्ट. हा माणूस ऑर्थोपेडिक सर्जन (१९२१–२००४), आधी डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये, नंतर कोलोरॅडोतल्या प्वेब्लो नावाच्या गावात. म्हणजे पेशंट बघणारा डॉक्टर, पण डोक्यात कायम एकच, की जिवंत हाड रोज करतं काय? टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक तुम्हाला माहीत असेलच, लहानपणी दिलं की पोरांचे दात पिवळे पडायचे तेच. ते जिथे नवीन कॅल्शियम बसत असतं तिथे जाऊन चिकटतं आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात पिवळं चमकतं. फ्रॉस्ट यांनी याचाच मोजपट्टीसारखा वापर केला. पेशंटला दोन-तीन दिवस गोळी द्यायची, मग दहा-बारा दिवस थांबायचं, पुन्हा गोळी द्यायची आणि नंतर कमरेच्या हाडाच्या काठाचा छोटा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघायचा. दोन पिवळ्या रेघा दिसतात, मधलं अंतर भागिले दिवस, झालं, हाड रोज किती वाढलं ते कळलं. एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी! म्हणजे केसाच्या जाडीएवढं हाड बसायला तीन-चार महिने. हाडांच्या बायोप्सीत आजही ही पद्धत वापरतात.

आणि १९८७ मध्ये त्यांनी मेकॅनोस्टॅटची कल्पना मांडली. हाडावर किती ताण पडतो हे हाडाला कळतं, ताण वाढला की ते भर घालतं आणि ताण नाही पडला की असलेलंही काढून टाकतं. म्हणून टेनिसपटूचा खेळायचा हात दुसऱ्यापेक्षा जाड हाडांचा असतो, आणि अंतराळवीरांच्या खुब्याची हाडं महिन्याला एक-दीड टक्का झिजतात. पण हाडाला कळतं म्हणजे नक्की कुणाला कळतं? हाडाच्या आत अडकून पडलेल्या ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात, हाडातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी याच, बरीच वर्षं लोक त्यांना निकामीच समजायचे. मग २००१ मध्ये एक जीन सापडलं, ज्यांच्यात ते बिघडलेलं असतं त्यांची हाडं जाड होतच राहतात, दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानर कुटुंबांत हा आजार आहे. त्या जीनचं प्रोटीन म्हणजे स्क्लेरोस्टिन, ते या ऑस्टिओसाइट बनवतात आणि ते हाड बनण्याला ब्रेक लावतं, ताण पडला की ब्रेक सैल. त्यालाच अडवणारं रोमोसोझुमॅब हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, ज्यांची हाडं अगदी ठिसूळ झालीत आणि मोडायची भीती आहे अशा बायकांसाठी.

बघा, कल्पनेपासून औषधापर्यंत किती वर्षं गेली. तरी ते औषध वर्षभरच द्यायचं, हृदयविकाराचा झटका किंवा स्ट्रोक होऊन वर्ष झालं नसेल तर द्यायचंच नाही, आणि बंद केल्यावर मिळवलेलं टिकवायला दुसरं औषध लागतंच. ऑस्टिओसाइटला ताण नक्की कशाने जाणवतो, म्हातारपणी व्यायामाला हाड तेवढी साथ का देत नाही, हे सगळं अजून उलगडतंय. आपल्या घरात आजी पडली, खुबा मोडला आणि पुन्हा उभीच राहिली नाही, असं किती जणांनी पाहिलंय! ते व्हायला नको असेल तर तुमच्या भाचीसारखी पोरं या कामात टिकायलाच हवीत असं मला अगदी पोटतिडकीने वाटतं. तिच्या सीव्हीवर हे नाव पुढची बरीच वर्षं उपयोगी पडेल, पण परत आली की तिला आधी हे विचारा की तिथे कुणाशी काय बोलणं झालं.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. हाडांवरचं संशोधन भारतात होतं का, की बाहेरच जावं लागतं?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : होतं की! पुण्यात जहांगीर हॉस्पिटलच्या रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या टीमने आपल्या मुलांच्या हाडांच्या घनतेवर भरपूर काम केलंय, कारण गोऱ्या मुलांचे आकडे लावून आपल्या मुलांची हाडं कशी जोखणार? लखनौच्या सीडीआरआयमध्ये (सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूट) शिसमच्या पानांच्या अर्कावर काम झालंय, फ्रॅक्चर लवकर भरून यावं म्हणून. इंडियन सोसायटी फॉर बोन अँड मिनरल रिसर्चही आहे. बायोलॉजीवाल्यांसारखीच इंजिनियर आणि फिजिक्सवाल्यांनाही इथे जागा आहे. आधी एमएस्सी करा आणि सुट्टीत एखाद्या लॅबला इंटर्नशिपसाठी मेल टाका, पण त्यांचा एक तरी पेपर नीट वाचून, आणि त्यातलं काय कळलं नाही तेही मेलमध्ये विचारा.